सगळे म्हणतात ‘निसर्गात न्या’. नेऊन नक्की होतं काय?

पर्वरीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून रोज तोंडातोंडी होते म्हणून इथे टाकते.

आम्ही गोव्यात, पर्वरीला, चौथ्या मजल्यावर. मुलगा नऊ वर्षांचा, यंदा चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. नवरा आणि मी दोघंही लॅपटॉपला जुंपलेले. आणि सासूबाई, वय ७४. आम्ही त्यांना मांय म्हणतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सत्तरी तालुक्यातल्या घरातून त्यांना इथे आणलं. गावात असताना ह्या बाईने कधी झोपेची गोळी पाहिली नव्हती. इथे रात्रभर टक्क जाग्या आणि दुपारभर सोफ्यावर डुलक्या.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मुलाला बाहेर काढा. मांयच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऑफिसात ताणतणावावर एक व्याख्यान झालं, त्यातही झाडं, पक्षी, समुद्र. तीन दुखण्यांवर एकच औषध सांगितलं की मला आधी संशय येतो. नवऱ्याचं म्हणणं, महिन्याला एक धबधबा करू, विषय संपला. मला त्यात गाडीत बसण्याखेरीज काही दिसत नाही.

ह्यात खरंच काही तथ्य आहे की नुसतं व्हॉट्सॅपी ज्ञान? आणि असलंच, तर तिन्ही वयांना एकाच गोष्टीने गुण कसा येईल?

खवचट_खुबा

नवऱ्याला एकट्यालाच धबधब्यावर पाठवा. त्या दिवशी घरात तुम्हाला किती बरं वाटलं ते इथे कळवा.

औषधवाला

तथ्य आहे. फक्त तीन वयांना तीन वेगळ्या वाटांनी फायदा होतो आणि सांगणारे सगळं एका पुडीत बांधून देतात, म्हणून संशय येतो. म्हापशात दुकान चालवतो, त्यामुळे पुड्यांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

आधी मुलाचं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर मैदानावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. कारण असं मानतात की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि डोळ्याचा गोळा लांबट होण्याला लगाम बसतो. घरात दिवे लावून तेवढा उजेड होतच नाही, बाहेर ढगाळ हवेतही त्याच्या कितीतरी पट असतो. पण हा पुरावा नंबर *लागू नये* ह्यासाठी भक्कम आहे. लागलेला नंबर बाहेर खेळून थांबेलच असं नाही. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांचे उपचार सोडू नका.

सासूबाईंचं वेगळं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आत उजेड कमी पोचतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त उजेड हवा. आणि आपण त्यांना पडदे ओढलेल्या खोलीत टीव्हीसमोर बसवतो. शरीराला दिवस उगवल्याचं कळतच नाही. आणखी एक, कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं हा समज चुकीचा आहे. सूर्य वर आला की त्यासाठी लागणारे किरण पोचतात. सकाळचं ऊन झोपेसाठी घ्या, ‘ड’साठी डॉक्टरांना विचारा.

तुमचं आणि नवऱ्याचं: २०१५ सालीच स्टॅनफर्डच्या लोकांनी ३८ जणांना दीड तास चालायला पाठवलं. काहींना गवताळ, झाडांच्या भागातून, काहींना वाहत्या हमरस्त्याकडेने. झाडांतून आलेल्यांचं तेच ते उगाळत बसणं कमी झालं, मेंदूच्या तपासणीतही तसा फरक दिसला. रस्त्यावरच्यांचं नाही झालं.

सातारचा_पाहुणा

औषधवाले, ३८ माणसांवरून सगळ्या जगाचं ठरवायचं? आणि तो इंग्लंडचा अभ्यास तर हल्ली सगळीकडे फिरतो, आठवड्याला दोन तास हिरवळीत घालवा म्हणजे तब्येत ठणठणीत. अहो, जे ठणठणीत असतात तेच बाहेर पडतात! गुडघे दुखणारा माणूस घरी बसतो, मग आकडेवारी म्हणते की घरी बसल्याने गुडघे दुखले.

(बदलीवर गोव्यात आहे, त्यामुळे मला बाहेर पडलं की घामोळं हा एकच परिणाम दिसलाय.)

औषधवाला

शंका रास्त आहे. तो अभ्यास २०१९ चा, इंग्लंडमधल्या जवळजवळ २० हजार लोकांचा. १२० मिनिटांच्या पुढे गेलेल्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम दोन तास की थोडं थोडं, ह्याने फरक पडला नाही. तुमचाच मुद्दा त्यांच्याही डोक्यात होता, म्हणून वयस्क आणि जुनाट आजार असलेले वेगळे काढून पाहिले. त्यांच्यातही तेच दिसलं. तरी त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे कबूल.

पण मग हे घ्या. रॉजर उलरिच, १९८४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीबाहेर झाडं, काहींच्या समोर विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची जहाल औषधं कमी लागली. इथे कोणी ‘बाहेर पडलं’च नव्हतं, पलंगावरच पडून होते. ठणठणीत लोकांनी खिडकी निवडली असंही नाही.

सातारचा_पाहुणा

हा अभ्यास आवडला. घामोळ्याचं काय ते सांगा.

वाळपईवाट

धागा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे, सत्तरीत, ह्याला निसर्ग म्हणत नाहीत, काम म्हणतात. माझी आई जन्मभर काजूच्या बागेत वाकली. बोंडं गोळा करायची, बिया पिळून काढायच्या, डोक्यावर डबा घेऊन उतार उतरायचा. तिचे गुडघे पर्वरीच्या मांयसारखेच गेले. तिला कोणी सांगितलं असतं की तुझा निसर्गाशी संपर्क चांगला आहे, तर तिने कोयता दाखवला असता.

आणि माकडताप? २०१५ पासून सत्तरीत आहे, माणसं गेली आहेत. गोचिडीतून येतो, ऐन काजूच्या दिवसांत. रोग पहिल्यांदा सापडला तो १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात, पण आता आमच्या बागांत आहे. फुरसं, घोणस वेगळी. जंगलाला शहाळ्यासारखं स्ट्रॉ लावून पिता येत नाही.

कुळागर

वाळपईवाट, आईबद्दलचं पटलं. पण तुझी आई संध्याकाळी आंगणात बसून शेजारणीशी बोलत भिरंडं (कोकमाची फळं) फोडायची का? माझी फोडायची. दिवसभराच्या कामाला ती शिव्या द्यायची, पण ह्या कामाला कधी नाही. आता ती आमच्याकडे येते, तर पहिलं काम म्हणजे कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पाटात पाय सोडून बसते. काय मिळतं विचारलं तर उत्तर देत नाही, ‘गप रे’ म्हणते.

वाळपईवाट

फोडायची. तो मुद्दा मान्य. ओझं उतरवल्यावरचा भाग वेगळा.

शेवंती

मी प्राथमिक शिक्षिका, तिसवाडीत. लहान मुलांबद्दल बोलते.

हल्ली पहिलीत येणाऱ्या काही मुलांना मातीला हात लावायला सांगितलं की ती हात वर धरून उभी राहतात, डॉक्टर ऑपरेशनला जाताना धरतात तसे. घरी ‘शी शी’ ऐकून ऐकून. मागे आम्ही वाफ्यात मुळा पेरला तर एका पालकांनी वहीत लिहून पाठवलं, ‘मुलाची नखं काळी झाली, पुन्हा असे होऊ नये.’

फिनलंडमध्ये २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळणाघरांच्या उघड्याबोडक्या अंगणात जंगलातली माती, हिरवळीचे थर आणून घातले, रोपं लावायला खोकी दिली. तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात खेळली. महिन्याभरातच त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तात प्रतिकारशक्तीला वळण लावणाऱ्या गोष्टींमध्ये चांगला बदल दिसला. महिनासुद्धा नाही, २८ दिवस.

हे वाचलं तेव्हा मला माशेलचा चिखलकालो आठवला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात तेल चोपडलेले बाप्ये आणि पोरं चिखलात लोळतात, खेळ खेळतात. वय पाच असो की साठ, चिखल लागला की सगळे सारखेच दिसतात. आपल्याकडे देवाच्या नावावर आहे म्हणून कोणी वहीत लिहून पाठवत नाही, एवढंच.

खवचट_खुबा

@शेवंती : त्या पालकांना एकादशीची तारीख कळवा.

मठ्ठ_बगळा

अवांतर: चिखलकालोला जाणाऱ्यांनी गाडीच्या सीटवर जुनी चादर घालावी. अनुभवाचे बोल. आणि अंगावर जखम असेल तर चिखलात उतरू नये, पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते.

चोडणची_फेरी

मी रोज पणजीत कामाला. चोडणहून रायबंदरला फेरीने. बसने येणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा मला वेळ जास्त लागतो, तरी मी कामावर पोचते तेव्हा डोकं निवलेलं असतं.

फेरीत करण्यासारखं काहीच नसतं हे त्याचं कारण असावं. मोबाइलला रेंज असते, पण पाणी बाजूने चाललंय म्हटल्यावर मान आपोआप वर होते. भरतीला खारफुटीची पानं पाण्याला टेकलेली असतात, ओहोटीला तीच झाडं मुळांच्या काड्या काढून चिखलात उभी. त्याच चिखलावर छोट्या कुर्ल्या (खेकडे) एक मोठी नांगी वरखाली करत असतात. सलीम अली पक्षी अभयारण्य त्याच टोकाला, अवघं पावणेदोन चौरस किलोमीटर. पर्यटक दुर्बीण घेऊन येतात. मला दुर्बिणीशिवाय खंड्या दिसतो, कारण तो ठरलेल्या तारेवरच बसतो.

पर्वरीकरीण, तुमच्या मुलाला सुट्टीच्या दिवशी फेरीने आणा.

निवृत्त_पात्रांव

मी ह्या धाग्यावर वयाने सर्वात मोठा असेन, ७८. लेख मोठा होईल, सवय आहे.

आमचा गाव खाजनाच्या काठाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याची झडप, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपणच मिटतात, ओहोटीला आपणच उघडतात. माणूस लागत नाही. हे शेकडो वर्षांपूर्वीच्या गोंयकाराचं डोकं.

नातू बारा वर्षांचा, मडगावला. सुट्टीत आला की पहिले दोन दिवस मोबाइलसाठी रडारड. मी उपदेश करत नाही. गरी घेतो आणि निघतो. बांधावर बसल्यावर त्याला सुंगटाचं (कोळंबीचं) आमिष लावायला देतो. जिवंत सुंगट हातात वळवळतं, गरीचं टोक नेमकं शेपटीच्या बाजूने घालायचं, नाहीतर पाण्यात पडताच सुटतं. पहिल्यांदा बोटाला टोचतं. मग त्याचे डोळे दोरावर बसतात ते उठत नाहीत. हाच मुलगा शाळेत दहा मिनिटं एका जागी बसत नाही अशी बाईंची तक्रार आहे.

आता मला सांगा, त्याला मी ‘बघ, निसर्ग किती सुंदर’ म्हटलं असतं तर त्याने पाहिलं असतं का? मासा हवा म्हणून तो पाण्याकडे बघतो. पाणी कुठे गढूळ झालं, वारा कुठून फिरला, बगळा कुठे उतरला, हे सगळं माशापायी शिकला. आणि माझं म्हणाल तर डॉक्टर मला ‘चाला’ म्हणून थकले. नुसतं चालायला मला कंटाळा येतो. बांधापर्यंत जातो ते चालणं मोजतो कोण.

माझं मत असं की कुठल्याही वयाच्या माणसाला बाहेर नेऊन नुसतं उभं करू नये. हातात काहीतरी द्यावं.

सातारचा_पाहुणा

पात्रांव, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. वाखू (वाचनखूण) साठवली. पण एक शंका: दिवसभर उभं राहून काही न करता सूर्यास्त बघणाऱ्यांचं काय? मला तेच आवडतं. हातात काही दिलंत तर मी ऑफिसात आहे असं वाटतं.

निवृत्त_पात्रांव

तुम्ही बघा बाबा सूर्यास्त. बारा वर्षांच्या पोराला सूर्य बुडाला काय, उगवला काय.

आबोली

पात्रांवांच्या मुद्द्याला धरूनच. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची माटोळी! गणपतीच्या वर लाकडी चौकटीला रानातली फळं बांधतो ती. दुसरं काय असतं ते? तिन्ही पिढ्यांना एकाच रानात पाठवणारी शाळाच.

आमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी बाबा, काका आणि आम्ही पोरं डोंगरावर. कांगलां, माट्टीची फळं, करमलं, आंबाडे. आजी म्हातारपणी येऊ शकत नव्हती, ती दारात खुर्ची टाकून बसायची. आम्ही आणलेलं एकेक तिच्यापुढे ठेवायचं. ती वास घ्यायची, उलटंपालटं करायची आणि ‘हे न्हय, हे दुसऱ्या झाडाचें’ म्हणून अर्धं फेकून द्यायची. मग परत डोंगर. तिचे डोळे अधू होते, पण फळ नखाने खरवडून ती नाव सांगायची.

पर्वरीच्या मांयना तुम्ही ‘फिरायला चला’ म्हणत असाल तर त्या नाहीच येणार. त्यांना सांगा की आम्हाला यंदा माटोळी बांधायचीय आणि नातवाला काही कळत नाही. बघा काय होतं.

मठ्ठ_बगळा

हल्ली बाजारात तयार जुडगी मिळतात माटोळीची. सत्तरीचीच माणसं आणून विकतात. आपण पैसे देतो, डोंगर ते चढतात. वाळपईवाटचा मुद्दा पुन्हा तिथेच येतो.

वाळपईवाट

बगळेबुवा मठ्ठ नाहीत.

आणि डोंगर राहिला तर ना कोणी चढणार. मोलेच्या अभयारण्यात २०२० मध्ये रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्ग, वीजवाहिनी असं एकदम तिन्ही आलं तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं? विशी-पंचविशीतली पोरं. २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेची वन्यजीव मंजुरी रद्द केली. ह्या पोरांना कोणी...

संपादक

मोलेवर वेगळा धागा चालू आहे, तिथे चर्चा जोरात आहे. इथे तीन पिढ्यांचंच बोलूया.

तीनपिढ्यांचा_हमाल

नमस्कार, मीच तो धबधबावाला नवरा. खास ह्या धाग्यासाठी खातं उघडलं.

बाजू मांडू द्या. माझा मुद्दा सोपा आहे, रोजचं काही आमच्याकडून होत नाही. सोसायटीत गॅलरीत कुंड्या ठेवायला बंदी, खालच्यांच्या भिंती ओल्या होतात म्हणे. गच्चीला कुलूप. खाली जिथे झाडं होती तिथे पार्किंग. मग उरतो धबधबाच ना?

खवचट_खुबा

पात्र रंगमंचावर आलं! २०२३ च्या जुलैत मैनापीवर दोघं बुडाले तेव्हा वन खात्याने धबधबे बंद केले होते, आठवतं ना? ७४ वर्षांच्या नव्या गुडघ्याला शेवाळलेले दगड दाखवू नका, एवढीच विनंती.

औषधवाला

हमालसाहेब, तुमची अडचण खरी आहे. गच्चीच्या कुलपासाठी सोसायटीच्या सभेत अर्ज द्या, ‘ज्येष्ठांना सकाळचं ऊन’ असं लिहिलंत तर नाही म्हणायला अवघड जातं. आणि महिन्यातला एक दिवस वाईट नाही, पण सासूबाईंची झोप त्याने सुधारणार नाही. घड्याळ रोज लावावं लागतं.

पर्वरीकरीण

सगळ्यांचे आभार. मधे लिहायला जमलं नाही, पण वाचत होते. नवऱ्याचं खातं मला इथेच कळलं. 😀

काय झालं ते सांगते. आबोलीने सांगितल्याप्रमाणे माटोळीचं नाव काढलं. मांय म्हणाल्या, चवथ लांब आहे, आधी तायकिळा (टाकळ्याची रानभाजी) तरी ओळखतो का तुझा पोर? नाही ओळखत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन स्वतःच लिफ्टने खाली. बिल्डिंगच्या मागे संरक्षक भिंतीलगत भरपूर उगवलाय. वॉचमन धावत आला, ‘आजी, कचरा आहे तो.’ त्याला त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता दोघं रोज खाली जातात. तो कोवळे शेंडे खुडतो, ह्या खुर्चीवर बसून निवडतात. चूक पान आलं की त्याच्या पाठीवर पडतं. वॉचमनलाच हाताशी धरून तेऱ्याची (रानअळूची) पानं, फागलांची (कर्टोल्यांची) वेल कुठे आहे ह्याची चौकशी चालू आहे. फागलां काही सापडली नाहीत, त्याचं खापर आमच्या बिल्डरवर.

गोळी सुटली का? नाही. पण पहाटे तीनला टीव्ही लागायचा तो बंद झाला. मुलाच्या नंबरचं पुढच्या तपासणीत कळेल, औषधवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांचे थेंब चालूच आहेत. माझं मात्र काही बदललं नाही. मी अजून चौथ्या मजल्यावरून त्यांच्याकडे बघते आणि मीटिंगमध्ये असते. भाजी चिरायची वेळ आली की बोलावतात.

चोडणची_फेरी

मीटिंग खुर्ची खाली नेऊन घ्या. कॅमेरा बंद ठेवा.

वाळपईवाट

मांयना माझा नमस्कार सांगा. चवथीला गावात याल तेव्हा पावसाचे दिवस असतील, गोचिडीची फार भीती नाही. पण पुढे डिसेंबरपासून मेपर्यंत मुलाला रानात न्यायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला औषधी तेल आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. माकड मेलेलं दिसलं तर तिथून लगेच परत फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

आबोली

पर्वरीकरीण, तायकिळा भिंतीलगतचा म्हणताय तर तिथे कोणी तणनाशक मारत नाही ना, हे वॉचमनला विचारून घ्या. पार्किंगच्या बाजूला बहुधा मारतात.

पर्वरीकरीण

विचारलं. मारतात, पण गणपतीच्या आधी. मांयनी त्याला तारीख विचारून ठेवलीय आणि त्या दिवशी खुर्ची टाकून तिथेच बसणार आहेत म्हणे.

निवृत्त_पात्रांव

भाजीत फणसाची बिकणां (आठळ्या) घालायला विसरू नका.